मोंढा व गंज : नांदेड–लातूर परिसरातील लघुव्यवसायांची साखळी

मराठवाड्यात धान्य, कडधान्ये, तेलबिया व कापूस यांच्या ठोक बाजारपेठेस मोंढा असे म्हणतात. लातूर व आसपासच्या काही गावांत त्याच अर्थाने गंज हा मूळचा फार्सी शब्द रूढ झाला आहे. शेतकरी, खेड्यातील किरकोळ खरेदीदार, आडत्या, हमाल, मापाडी, वाहतूकदार, डाळ गिरणीचालक, तेल गिरणीचालक, बारदाना विक्रेता व परगावचा ठोक व्यापारी असे अनेक लहान व्यावसायिक या बाजारपेठांत परस्परांशी बांधले गेलेले आहेत. यांपैकी कोणीही दुसऱ्याचा नोकर वा भागीदार नसतो. तथापि एकाचे काम संपते तेथे दुसऱ्याचे सुरू होते आणि एकाची रक्कम अडली की सर्वांचे व्यवहार मंदावतात. आधुनिक अर्थशास्त्रीय परिभाषेत या संबंधांस पुरवठा-साखळीतील सहकार्य असे म्हणतात. या साखळीत माल शेताकडून गिरणीकडे व पैसा गिरणीकडून शेताकडे जातो. परंतु दोहोंची गती सारखी नसते. माल हाती आल्यापासून पैसे चुकते होईपर्यंतचा काळ कोणी सोसावयाचा, हा या बाजारपेठांच्या सु. सव्वाशे वर्षांच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

पार्श्वभूमी : नांदेड हे गोदावरीकाठचे, तर लातूर हे मांजरा नदीच्या खोऱ्यातील प्राचीन गाव. दोन्ही प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या अंमलाखाली होते. नांदेड हे जिल्ह्याचे ठिकाण होते. लातूर हे उस्मानाबाद (धाराशिव) जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते आणि सध्या लातूर जिल्ह्यात असलेले उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात मोडत. राज्यपुनर्रचनेनंतर (१९५६) मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. स्वतंत्र लातूर जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये अस्तित्वात आला.

रेल्वे येण्यापूर्वी या भागातील शेतमालाचा व्यापार आठवडी बाजार, यात्रा आणि लमाणांचे तांडे यांच्या आधारे चाले. तांड्यांतील बैलांच्या पाठीवरून मीठ येई व धान्य जाई. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेसारख्या यात्रा जनावरांच्या व इतर मालाच्या मोठ्या बाजारपेठाच होत्या. गावचा वाणी पेरणीच्या वेळी बियाणे व रोकड देई आणि सुगीत धान्य घेऊन हिशेब मिटवी. दूरच्या बाजारातील भाव शेतकऱ्यास क्वचितच कळे. या व्यवस्थेत कर्ज देणारा, माल विकत घेणारा व भाव सांगणारा ही तिन्ही माणसे बहुधा एकच असत.

रेल्वे व गंजाची उभारणी : हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे हा मनमाडपर्यंतचा मीटरमापी लोहमार्ग १९०० च्या सुमारास वाहतुकीस खुला झाला. या मार्गावर असलेल्या नांदेडच्या कापसाला व धान्याला एकीकडे हैदराबादची व दुसरीकडे मनमाडमार्गे मुंबईची बाजारपेठ मिळाली. लातूरचा व्यापार मात्र त्या काळी प्रामुख्याने बार्शीशी निगडित होता. बार्शी हे ब्रिटिश अंमलाखालील सोलापूर जिल्ह्यातील गाव. निजामी प्रदेशातून बैलगाड्यांनी तेथे कापूस व गळिताची धान्ये येत. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेल्या बार्शी लाइट रेल्वेचा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला व १९११ मध्ये हा अरुंदमापी मार्ग लातूरपर्यंत पोहोचला.

त्यानंतर लातूरची वाढ झपाट्याने झाली. गावाच्या मध्यभागी गंजगोलाईची रचना करण्यात आली. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी तिचा आराखडा तयार केला होता आणि तेथील दुमजली वर्तुळाकार इमारत १९१७ मध्ये बांधली गेली. मध्ये अंबाबाईचे मंदिर असून गोलाईस सोळा रस्ते येऊन मिळतात. या रस्त्यांवर सराफा, पादत्राणे, मिरची, गूळ इ. मालांचे स्वतंत्र बाजार वसले. एका धंद्याची दुकाने एका ओळीत असल्यामुळे भाव पडताळणे सोपे जाई, शेजाऱ्याकडून उसना माल मिळे आणि कोण कसा व्यवहार करतो हे सर्वांना ठाऊक राही. लहान व्यापाऱ्यांच्या परस्पर सहकार्यास अशी रचना पोषक ठरते.

रेल्वेमुळे साखळी लांबली, परंतु सलग झाली नाही. लातूरचा माल कुर्डुवाडीस अरुंदमापी डब्यांतून उतरवून रुंदमापी डब्यांत भरावा लागे. नांदेडच्या मालाची मनमाडला तशीच चढ-उतार होई. प्रत्येक चढ-उतारीत पोती फाटत, वजनात घट येई व दिवस मोडत. हे नुकसान कोणी भरून द्यावयाचे, याबाबत आडतीच्या पेढ्यांत ठराविक रीती असत. बार्शी लाइट रेल्वे १९५४ मध्ये शासनाने ताब्यात घेतली. लातूर–कुर्डुवाडी मार्गाचे रुंदमापी रूपांतर २००७-०८ मध्ये पूर्ण झाले. मनमाड–सिकंदराबाद मार्गाचे रूपांतर १९९० नंतरच्या काळात टप्प्याटप्प्याने झाले. तोपर्यंत बराचसा माल ट्रकने जाऊ लागला होता.

दोन चलने व करोडगिरी : निजामी संस्थानात हाली शिक्का हे स्वतंत्र चलन होते. ब्रिटिश हिंदुस्थानातील रुपयास लोक कळदार म्हणत. विसाव्या शतकात साधारणतः १०० कळदार रुपयांस ११६ ते ११७ हाली रुपये असा दर असे. शिवाय संस्थानाच्या सीमेवर आयात-निर्यात मालावर करोडगिरी नावाची जकात द्यावी लागे. लातूरच्या शेतकऱ्याचे व्यवहार हालीत होत, तर बार्शी व मुंबईच्या व्यापाऱ्याचे कळदारात. या दोहोंमधील दुवा आडतीची पेढी होती. ती हुंडीच्या द्वारे रक्कम फिरवी, जकात भरी, बट्टा सोसून चलन बदलून देई व या सर्वांचा मोबदला आपल्या हिशेबात धरी. लिंगायत वाणी, मारवाडी, गुजराती व कोमटी समाजांतील पेढ्या या व्यवहारात होत्या. त्यांचे नातेसंबंध सीमेच्या दोन्ही बाजूंस पसरलेले असल्यामुळे हुंडीची पत टिकून राही. भारत सरकारने १९४७-४८ मध्ये हैदराबादची आर्थिक नाकेबंदी केली, त्या काळात आणि रझाकारांच्या उपद्रवामुळे हे व्यवहार विस्कळीत झाले. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. पुढील दशकात करोडगिरी व हाली चलन ही दोन्ही संपुष्टात आली.

साखळीचे घटक व कार्यपद्धती : आडत्या हा मालाचा मालक नसून शेतकऱ्याच्या वतीने माल विकणारा मध्यस्थ होय. शेतकऱ्याचा माल त्याच्या दुकानासमोर उतरतो. हमाल पोती उतरवितात, मापाडी वजन करतो व मालाचा नमुना पाहून खरेदीदार बोली लावतात. लातूरच्या बाजारात पोटलीत आणलेल्या नमुन्यावरून सौदा काढण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. पोटलीत निघालेला भाव हा त्या दिवसाच्या बाजाराचा दिशादर्शक समजला जातो. सौदा पक्का झाल्यावर हमाली, तोलाई इ. खर्च वजा करून आडत्या शेतकऱ्यास हिशेबाची पट्टी देतो. खरेदीदार हा बहुधा स्थानिक डाळ गिरणीचालक, तेल गिरणीचालक वा परगावच्या पेढीचा प्रतिनिधी असतो.

या व्यवहारात उधारीचे दोन प्रवाह असतात. पहिला आडत्याकडून शेतकऱ्याकडे जातो : पेरणी, लग्नकार्य वा आजारपण यांसाठी शेतकरी आडत्याकडून उचल घेतो व सुगीत आपला माल त्याच्याच दुकानी आणतो. दुसरा प्रवाह आडत्याकडून खरेदीदाराकडे जातो : गिरणीचालक माल उचलतो, परंतु त्याची रक्कम काही दिवसांच्या मुदतीने देतो. डाळ तयार होऊन परगावी विकली जाईपर्यंत त्याच्याही हाती पैसा नसतो. अशा रीतीने आडत्या दोन्ही बाजूंनी उधारी सोसतो आणि त्याची पत हीच साखळीतील प्रत्येकाचे खेळते भांडवल ठरते. ज्या भागात बँका उशिरा पोहोचल्या, तेथे या व्यवस्थेस पर्याय नव्हता. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीच्या १९५१-५२ मधील पाहणीनुसार देशातील शेतकऱ्यांच्या एकूण कर्जांपैकी सहकारी संस्थांचा वाटा केवळ ३·१ टक्के, तर व्यापारी बँकांचा ०·९ टक्का होता. व्यापारी व आडत्ये यांचा वाटा ५·५ टक्के दाखविला असला, तरी सुमारे ७० टक्के कर्ज पुरविणाऱ्या सावकारांत शेतमालाचा व्यापार करणारेही होते.

या व्यवस्थेची दुसरी बाजू पराधीनतेची आहे. उचल घेतलेल्या शेतकऱ्यास दुसऱ्या दुकानी माल नेता येत नाही व भाव पडलेला असला तरी थांबता येत नाही. लहान गिरणीचालकाचीही स्थिती पुष्कळदा अशीच असते. मुदतीवर माल देणारा आडत्या सोडला तर दुसरा कोणी त्याला पत देईल याची खात्री नसते. विश्वास व अवलंबन या दोन गोष्टी येथे एकाच वहीत लिहिल्या जातात, म्हणून बाहेरून आलेल्या सुधारकास त्या वेगळ्या करणे अवघड गेले.

कायदेशीर नियमन : शेजारच्या वऱ्हाडात कारंजा येथील बाजार १८८६ मध्ये नियंत्रणाखाली आला व १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. शेतीविषयक शाही आयोगाने १९२८ मध्ये नियंत्रित बाजारपेठांची शिफारस केली. तदनुसार हैदराबाद संस्थानात १९३० मध्ये शेतमाल बाजाराचा कायदा करण्यात आला. त्याच सुमारास जागतिक मंदीमुळे कापसाचे व धान्याचे भाव कोसळले होते आणि शेतकऱ्यांचा कर्जबाजारीपणा तीव्र झाला होता. पूर्वी अनेक बाजारपेठांत रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविण्याची रीत होती. भाव काय ठरला हे माल आणणाऱ्यास कळत नसे. कडता, धर्मादाय, नमुना अशा नावांनी मालातून वा रकमेतून कपात होई. उघड लिलाव, प्रमाणित वजनमापे, परवानाधारक मापाडी व ठरलेली हमाली ही नियमनाची मुख्य अंगे होती.

महाराष्ट्र राज्यात १९६३ चा कृषी उत्पन्न पणन अधिनियम १९६७ पासून अंमलात आला. बाजार समित्यांवर शेतकरी, व्यापारी व हमाल-मापाडी यांचे प्रतिनिधी असतात. विक्रीची रक्कम शेतकऱ्यास त्याच दिवशी मिळावी, असा नियम करण्यात आला. या नियमाने शेतकऱ्याची प्रतीक्षा कायद्याने संपविली. परंतु गिरणीचालकाची मुदत संपविली नाही. परिणामी त्या दोहोंमधील काळ पूर्णपणे आडत्यावर आला व तो सोसण्याची ताकद नसलेल्या लहान आडत्यांना धंद्यात टिकणे कठीण झाले. खरेदीदाराने किती दिवसांत रक्कम चुकती करावी, हा मराठवाड्यातील मोंढ्यांत आडते व खरेदीदार यांच्यातील नेहमीचा वादविषय होय.

साखळीतील सर्वांत दुर्बल घटक जो हमाल, त्याच्या संरक्षणासाठी १९६९ मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम संमत झाला. त्यानुसार मजुरीची रक्कम मंडळाकडे भरण्याची व त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा इ. लाभ देण्याची व्यवस्था करण्यात आली. अनेक मालकांकडे थोडे थोडे काम करणाऱ्या मजुरास एकाच मालकाच्या कामगारासारखे लाभ मिळवून देणारा हा कायदा लघुव्यवसायांच्या साखळीस अनुरूप असा एक महत्त्वाचा प्रयोग मानला जातो. [⟶ कृषिपणन, सहकार].

कापसाची साखळी : नांदेड परिसर गावराणी जातीच्या देशी कापसासाठी प्रसिद्ध होता. नांदेड येथे १९२० नंतरच्या दशकात उस्मानशाही मिल ही कापड गिरणी निघाली. पुढे ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली व कालांतराने बंद पडली. तथापि कापसावरील प्रक्रियेचा मोठा भाग जिनिंग-प्रेसिंगच्या लहान हंगामी कारखान्यांत होत असे. कापसातून वजनाच्या सुमारे एक-तृतीयांश रुई निघते व उरलेल्यात मुख्यतः सरकी असते. रुई गाठी बांधून कापड गिरणीकडे, सरकी तेल गिरणीकडे, पेंड गोठ्याकडे आणि सरकीचे तेल बाजारात, अशा या साखळीत एका कारखान्याचा दुय्यम माल दुसऱ्याचा कच्चा माल ठरतो. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने १९८० नंतरच्या दशकात प्रसारित केलेला एनएचएच-४४ हा संकरित वाण कोरडवाहू क्षेत्रात दीर्घकाळ लोकप्रिय होता.

महाराष्ट्र शासनाने १९७१ च्या अधिनियमान्वये कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२-७३ च्या हंगामापासून सुरू केली. शेतकऱ्यास हमी भाव व नफ्यात वाटा मिळावा, तसेच मध्यस्थ दूर व्हावा, हा तिचा हेतू होता. खाजगी जिनिंग कारखाने योजनेसाठी मजुरीवर कापूस पिंजू लागले. भाव स्थिर राहिलेल्या वर्षांत शेतकऱ्यांस योजनेचा आधार वाटला. परंतु रक्कम हप्त्यांनी व पुष्कळदा विलंबाने मिळे. बाहेर भाव चढले की कापूस चोरट्या मार्गाने शेजारच्या राज्यांत जाई व भाव पडले की सर्व कापूस योजनेकडे येऊन तिचा तोटा वाढे. नांदेडसारख्या सीमावर्ती जिल्ह्यास याचा विशेष अनुभव आला. मध्यस्थ वगळला गेला, तरी तो देत असलेली उचल कोणी द्यावयाची याची पुरेशी व्यवस्था झाली नाही. खाजगी खरेदीस २००२ मध्ये मुभा मिळाल्यावर योजनेचा एकाधिकार संपला.

डाळ उद्योग : लातूर व उदगीर येथील डाळ गिरण्या (बोलीत दालमिल) हे या परिसरातील लघुउद्योगांचे ठळक उदाहरण होय. पूर्वी तुरीची डाळ घरोघरी जात्यावर भरडली जाई. यांत्रिक गिरणीत तूर प्रथम चाळून साफ करतात. नंतर दाण्यांवर चरे पाडून तेल चोळतात, पाणी देऊन उन्हात वाळवितात व पुन्हा यंत्रातून काढून टरफल वेगळे करतात. शंभर किग्रॅ. तुरीपासून साधारणतः सत्तर ते पंचाहत्तर किग्रॅ. डाळ मिळते. उरलेली चुनी व टरफल पशुखाद्य म्हणून विकले जाते. निवडण-टिपणाच्या कामात स्त्रियांचा वाटा मोठा आहे. एका गिरणीभोवती बारदाना विकणारा, यंत्र दुरुस्त करणारा, चुनीचा व्यापारी, ट्रक पुरविणारा वाहतूक दलाल व परगावी डाळ विकून देणारा दलाल असे अनेक लहान धंदे उभे राहतात.

उत्तम तुरीचा पुरवठा हा या उद्योगाचा पाया होय. मर व वांझ रोगांमुळे पीक हातचे जाण्याचे प्रमाण मोठे होते. जालना जिल्ह्यातील बदनापूर येथील कृषी संशोधन केंद्राने काढलेल्या रोगप्रतिकारक वाणांमुळे तुरीचे पीक अधिक भरवशाचे झाले व गिरण्यांना एकसारखा दाणा मिळू लागला. गिरणीतील यंत्रसामग्रीही बदलली. डाळीचे दाणे रंगानुसार वेगळे करणारे यंत्र महाग असल्यामुळे प्रत्येक लहान गिरणीस ते घेणे परवडत नाही. अशा ठिकाणी मजुरीवर काम करून घेणे किंवा अनेकांनी मिळून सामाईक सुविधा केंद्र उभारणे हाच मार्ग उरतो. केंद्र शासनाच्या लघुउद्योग समूह विकास योजनेतही अशा सामाईक केंद्रांवर भर दिला आहे.

सोयाबीन व तेलबिया : लातूर परिसरात भुईमूग, करडई व सूर्यफूल यांच्या आधारे लहान तेल गिरण्या चालत. लातूर येथे गळीतधान्य संशोधन केंद्रही आहे. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाल्यावर या गिरण्यांना स्वस्त तेलाशी स्पर्धा करावी लागली. त्याच सुमारास सोयाबीनचा प्रसार सुरू झाला व ते मराठवाड्यातील खरिपाचे एक प्रमुख पीक बनले. ज्वारी, कापूस, भुईमूग इ. पिकांखालील क्षेत्र घटले. लातूर ही सोयाबीनची देशातील एक मोठी बाजारपेठ म्हणून ओळखली जाऊ लागली.

सोयाबीनमध्ये तेलाचे प्रमाण सु. १८ टक्के असते. ते घाण्यात पुरेसे निघत नसल्यामुळे द्रावक-निष्कर्षणाचे मोठे कारखाने लागतात. त्यामुळे या पिकाच्या साखळीत लहान तेल गिरणीचे स्थान गेले आणि कारखान्याच्या फाटकावरील भाव मोंढ्यातील भावाचा आधार बनला. पेंडेची निर्यात व तेलाची आयात यांमुळे लातूरचा भाव परदेशी बाजारांशी जोडला गेला. राष्ट्रीय पातळीवरील वायदेबाजारामुळे (स्था. २००३) पुढील महिन्यांचे भाव स्थानिक व्यापाऱ्यास कळू लागले. परंतु तूर व उडीद यांचे वायदे जानेवारी २००७ मध्ये व सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे डिसेंबर २०२१ मध्ये स्थगित करण्यात आले. जोखीम दुसऱ्याकडे सोपविण्याचे हे साधन लहान व्यावसायिकांच्या हाती कधीच पुरते आले नाही.

साखळीची कसोटी, २०१५–१७ : सलग अवर्षणामुळे २०१५ मध्ये तुरीचे उत्पादन घटले व डाळीचा किरकोळ भाव किलोस २०० रुपयांच्या आसपास गेला. शासनाने साठ्यांवर मर्यादा घातल्या. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या वर्षी पाऊस चांगला झाला, चढ्या भावामुळे तुरीचा पेरा वाढला व २०१६-१७ मध्ये राज्यात सु. २० लाख टन इतके विक्रमी उत्पादन झाले. बाजारभाव ५,०५० रुपये प्रतिक्विंटल या आधारभूत किमतीखाली गेला. खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या, बारदाना अपुरा पडला. नोव्हेंबर २०१६ मधील नोटाबंदीमुळे ऐन सोयाबीनच्या हंगामात मोंढ्यांतील रोकड आटली होती. त्या आठवड्यांत व्यवहार चालू राहिले ते मुख्यतः ओळखीच्या उधारीवर. एकाच वर्षात टंचाई व विपुलता या दोन्हींचा फटका शेतकऱ्यास बसला, कारण एकीत त्याच्याकडे माल नव्हता व दुसरीत थांबण्याची सोय नव्हती.

नवे उपाय : शेतकऱ्यास थांबता यावे, या दृष्टीने राज्य कृषी पणन मंडळाने १९९०-९१ पासून शेतमाल तारण योजना सुरू केली. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठी सहा टक्के व्याजाने मिळते. २००७ च्या गोदामविषयक केंद्रीय अधिनियमाने गोदाम-पावतीस परक्राम्य दस्तऐवजाचा दर्जा दिला. पूर्वीच्या हुंडीचे कार्य निराळ्या स्वरूपात करणारे हे साधन आहे. कंपनी कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीने शेतकऱ्यांस उत्पादक कंपनी स्थापन करता येऊ लागली. अशा कंपन्यांचा महाराष्ट्रातील महासंघ महाएफपीसी २०१४ मध्ये स्थापन झाला व त्याने शासकीय डाळ खरेदीत भाग घेतला. नांदेड व लातूर जिल्ह्यांतही उत्पादक कंपन्या निघाल्या असून माल एकत्र करणे, स्वच्छ करणे व थेट गिरणीस विकणे ही त्यांची मुख्य कामे होत. त्यांची अडचणही जुनीच आहे. सभासदास माल देताच पैसे हवे असतात व गिरणी मुदत मागते. भागभांडवल तुटपुंजे असल्यास कंपनीला मधला काळ पेलत नाही आणि सभासद पुन्हा आडत्याकडे वळतो.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या अधिनियमानुसार लहान उत्पादकाची रक्कम जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करणे बंधनकारक आहे. एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकर कायद्यातील तरतुदीनुसार मुदतीत न दिलेली अशी रक्कम त्या वर्षीचा खर्च म्हणून धरता येत नाही. नोंदणीकृत डाळ गिरणीस याचा लाभ मिळू शकतो. परंतु ठोक व किरकोळ व्यापाऱ्यांना २०२१ मध्ये दिलेला लघुउद्योगाचा दर्जा केवळ अग्रक्रम-कर्जापुरता मर्यादित असल्यामुळे आडत्यास हे संरक्षण लाभत नाही. बाजार समित्यांबाहेरील व्यापार खुला करणारे केंद्राचे २०२० चे कायदे २०२१ मध्ये मागे घेण्यात आले. देशात एप्रिल २०१६ पासून सुरू झालेल्या इलेक्ट्रॉनिक राष्ट्रीय कृषी बाजारामुळे बोली दुरून लावता येते. मात्र न पाहिलेल्या मालाची प्रत व न ओळखलेल्या खरेदीदाराची पत यांची हमी देणारी व्यवस्था हळूहळूच तयार होत आहे.

तौलनिक विचार : ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ ॲल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये, एका गावी एकवटलेल्या लहान उद्योगांना परस्परांच्या सान्निध्याचा लाभ कसा होतो, हे दाखविले. पुढे विकसनशील देशांतील अभ्यासांत ब्राझीलच्या सिनोस खोऱ्यातील पादत्राण उद्योग, पाकिस्तानातील सियालकोटचा शस्त्रक्रियेच्या उपकरणांचा उद्योग व तमिळनाडूतील तिरुपूरचा विणमाल उद्योग यांची उदाहरणे प्रसिद्धी पावली. ह्यूबर्ट श्मिट्झ यांनी अशा समूहांच्या बळास सामूहिक कार्यक्षमता अशी संज्ञा दिली. मोरोक्कोतील सेफ्रू येथील बाजाराचा अभ्यास करताना क्लिफर्ड गीर्ट्झ यांना, माहिती दुर्मिळ असलेल्या बाजारात ग्राहक व विक्रेता वारंवार एकमेकांकडेच जातात, असे आढळले. लातूर–नांदेडच्या मोंढ्यांना ही दोन्ही निरीक्षणे लागू पडतात. फरक असा, की वरील उद्योगांपैकी बहुतेकांचा कच्चा माल वर्षभर मिळतो. मोंढ्याचा माल मात्र वर्षातून एकदोनदा व पावसाच्या भरवशावर येतो. त्यामुळे येथील सहकार्यात कौशल्यापेक्षा पतीला अधिक महत्त्व आले.

मूल्यमापन : रेल्वेने बाजार जवळ आणला, कायद्याने भाव उघड केला, संशोधनाने पीक भरवशाचे केले व माथाडी कायद्याने हमालास संरक्षण दिले. यांपैकी प्रत्येक बदलाने साखळीतील एखादा अन्याय कमी केला. परंतु रकमेच्या प्रतीक्षेचा भार नाहीसा झाला नाही. तो एका घटकाकडून दुसऱ्याकडे सरकत राहिला. एकाधिकार योजनेत तो शेतकऱ्यावर आला, एकाच दिवशी रक्कम देण्याच्या नियमाने तो आडत्यावर आला आणि उत्पादक कंपन्यांत तो सभासदांच्या तुटपुंज्या भांडवलावर येतो. आडत्यास केवळ शोषक मानून वगळण्याचे प्रयत्न जसे अपुरे ठरले, तसेच त्याच्या पतीवर सर्व काही सोपविल्याने शेतकऱ्याचे अवलंबनही सुटले नाही. या भागातील लघुव्यवसायांचे सहकार्य टिकावयाचे असल्यास तारण-कर्ज, गोदाम-पावती व मुदतीत चुकती होणारी रक्कम या तिन्ही सोयी शेतकऱ्यापासून गिरणीपर्यंत प्रत्येक घटकास उपलब्ध होणे आवश्यक आहे. गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांवरील दुकानदारांनी परस्परांस दिलेली उधारी ही या सोयींची जुनी व अपुरी प्रतिकृती होती. तिच्यातील विश्वास राखून तिच्यातील पराधीनता दूर करणे, हे काम अद्याप अपुरे आहे.